साहेबांची अरे-तुरेची भाषा आणि आपल्या कर्जाची फाईल

बँकेच्या दारात आपला कारागीर कसा उभा राहतो ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्डाच्या झेरॉक्स, दुकानाचा परवाना, दोन जामीनदारांचे फोटो. काउंटरवरचा पंचविशीतला मुलगा साठीच्या माणसाला "चाचा, उद्या या" म्हणतो. त्याच वेळी आत काचेच्या केबिनमध्ये शहरातील एक बडा बिल्डर मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला नावाने हाक मारत असतो आणि चहा येतो. चाचांच्या फाईलवर धूळ बसते. बिल्डरची फाईल स्वतःच्या पायांनी चालत मुख्य कार्यालयात जाते.

ही शाखेची गोष्ट झाली. वर, मुंबईच्या नरिमन पॉइंटला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात, जिथे शेकडो कोटींची कर्जे ठरतात, तिथेही एकमेकांना नावाने हाक मारण्याचीच रीत आहे. या रीतीचा आपल्या तिजारतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते फार जवळचा संबंध आहे, आणि तो समजून न घेतल्यामुळे आपण नुकसान सोसत आलो आहोत.

नावाने हाक मारण्याची रीत कुठून आली?

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या बँकांत 'साहेब' संस्कृती होती. शाखाधिकारी साहेब, त्यावर विभागीय साहेब, त्यावर चेअरमन साहेब. कोण कोणाच्या वर आहे हे शिपायालाही ठाऊक असे. १९९३-९४ नंतर नव्या खाजगी बँकांना परवाने मिळाले. आयसीआयसीआय बँक, एचडीएफसी बँक, यूटीआय बँक (आजची अ‍ॅक्सिस) या त्यातल्याच. या बँका उभारण्यासाठी जी माणसे आली त्यांतली बरीच परदेशी बँकांत तयार झाली होती. एचडीएफसी बँकेचे पहिले प्रमुख आदित्य पुरी सिटी बँकेतून आले आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्या पदावर राहिले. परदेशी बँकांची पद्धत अशी की चेअरमनपासून नव्या मुलापर्यंत सर्वांनी एकमेकांना पहिल्या नावाने बोलवायचे. 'सर' नाही, 'साहेब' नाही.

यामागचा हेतू वाईट नव्हता हे आम्ही मान्य करतो. कनिष्ठाला वरिष्ठाचे भय वाटू नये, चूक दिसली तर त्याने ती तोंडावर सांगावी, बँकेचा फायदा व्हावा, हा तो हेतू. परंतु नाव बदलल्याने अधिकार बदलत नाही. ज्याच्या हातात पगारवाढ, बदली आणि नोकरी आहे, त्याला तुम्ही नावाने बोलवा किंवा 'हुजूर' म्हणा, त्याचा शब्द हुकूमच असतो. पूर्वी साहेब म्हणायचे, "हे कर्ज मंजूर करा." आता नावाने बोलवायचा वरिष्ठ हसून म्हणतो, "अरे, जरा ही फाईल बघशील का?" ऐकणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच कळतो. फरक इतकाच की पहिल्या बाबतीत हुकूम कोणी दिला ते कागदावर राहत असे. दुसऱ्या बाबतीत पुढे चौकशी झाली तर वरिष्ठ म्हणू शकतो, "मी तर फक्त बघायला सांगितले होते."

आपल्या भाषेत ही गोष्ट अधिक उघडी पडते. इंग्रजीत सर्वांसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे नावाने हाक मारणे खपून जाते. मराठीत तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. हिंदी-उर्दूतही तसेच. तोच अधिकारी इंग्रजी सोडून आपल्या भाषेत बोलू लागला की लगेच 'सर' आणि 'मॅडम' परत येतात. वरचा खालच्याला 'सलीम' म्हणतो, सलीम मात्र वरच्याला 'सर'च म्हणतो. अशी एका बाजूने जाणारी हाक ही सत्तेची खूण होय. दोन्ही बाजूंनी सारखी अरे-तुरे चालते ती फक्त वरच्या वर्तुळात, बँकेचा प्रमुख आणि मोठा कर्जदार यांच्यात, संचालक आणि ठेकेदार यांच्यात. एकत्र जेवलेले, एकमेकांच्या लग्नकार्यात गेलेले हे लोक. त्या वर्तुळात प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरते. खरा धोका तिथे आहे.

घडलेली उदाहरणे

१९९२ चा शेअर घोटाळा वाचकांना आठवत असेल. बँकांचे रोखे विभाग आणि दलाल यांच्यात इतकी जवळीक झाली होती की खरे रोखे हातात न घेता नुसत्या 'बँक रिसीट'वर कोट्यवधी रुपये दिले जात. त्यांतल्या बऱ्याच रिसीटांच्या मागे एकही रोखा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने चार हजार कोटी रुपयांवर रक्कम गुंतल्याचे दाखवून दिले. अशा रिसीटा देणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील बँक ऑफ कराड होती. जुनी, लहान, परिसरातील व्यापाऱ्यांची बँक. ती बुडाली आणि पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती घेतली. मुंबईच्या एका खिडकीत जे घडले त्याची किंमत कराडच्या पेठेने मोजली.

दुसरे उदाहरण आयसीआयसीआय बँक आणि व्हिडिओकॉन यांचे. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यातील आणि नगर जिल्ह्यातील किती तरी लहान वर्कशॉपवाले त्याच्या आणि तशा कारखान्यांच्या कामावर जगत. बँकेच्या प्रमुख चंदा कोचर यांचे पती दीपक कोचर आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांनी २००८ च्या अखेरीस न्यूपॉवर ही कंपनी एकत्र उभी केली. सीबीआयच्या आरोपानुसार सप्टेंबर २००९ मध्ये बँकेने व्हिडिओकॉनच्या एका कंपनीस ३०० कोटी दिले आणि दुसऱ्याच दिवशी ६४ कोटी न्यूपॉवरकडे गेले. २०१२ मध्ये या समूहास आयसीआयसीआयकडून ३,२५० कोटींचे कर्ज मिळाले. मार्च २०१८ मध्ये या प्रकरणी बोभाटा झाला तेव्हा बँकेच्या संचालक मंडळाने आपला प्रमुखांवर पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले. दहा महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा अहवाल आला. हितसंबंध उघड करण्याच्या नियमांचा भंग झाल्याचे त्यात नमूद होते, आणि त्याच मंडळाने त्यांना बडतर्फ केल्याप्रमाणे धरले.

न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. कोचर यांनी आरोप नाकारले आहेत, आणि डिसेंबर २०२२ मधील त्यांची अटक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. गुन्हा शाबीत होणे न होणे हे न्यायालयाचे काम आहे. आमचा प्रश्न संचालक मंडळाविषयी आहे. चौकशी होण्यापूर्वीच 'पूर्ण विश्वास' जाहीर करण्याची घाई कशासाठी? शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला "तुझ्या घरच्यांचा या कर्जदाराशी काही व्यवहार आहे का?" असे विचारायला जीभ रेटली नाही, एवढाच आम्ही त्याचा अर्थ लावतो.

याची किंमत कोणी दिली तेही पाहा. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२१ मध्ये तिच्या विक्रीची जी योजना न्यायाधिकरणाने मान्य केली, तीत बँकांनाही फार थोडे मिळणार होते, आणि माल पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांच्या वाट्याला दाव्याच्या ०.७२ टक्के येणार होते. शंभर रुपयांच्या बिलामागे बहात्तर पैसे. पुढे अपील न्यायाधिकरणाने ती योजना रद्द केली. परंतु ज्या लेथवाल्याने उधारीवर पोलाद आणून सुटे भाग करून दिले त्याची कोणाशी अरे-तुरे नव्हती, आणि तोच रांगेत शेवटी उभा राहिला.

सहकारी बँकांत परदेशी पद्धतीच्या नावांची गरजच नाही. तिथे आपले देशी शब्द आहेत, दादा, अण्णा, भाऊ, शेठ. परिणाम तोच. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. बँकेने आपल्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहास दिली आणि ती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारास सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. आणि आपल्या दारातले उदाहरण नगर अर्बन बँकेचे. १९१० साली स्थापन झालेली, शतक ओलांडलेली ही बँक. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. कर्जवाटपातील गैरव्यवहारांचे गुन्हे दाखल झाले, काहींना अटक झाली, खटले न्यायप्रविष्ट आहेत. नगरच्या कापडबाजारात आणि मोची गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे या बँकेत खाते होते त्यांना पासबुक घेऊन हिंडावे लागले.

आमचीही एक चूक

इतरांकडे बोट दाखवताना स्वतःविषयी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर आम्ही होतो. अध्यक्ष शाळेपासूनचे मित्र. आम्हाला घरच्या नावाने हाक मारीत. एका बैठकीत त्यांच्या भागीदाराचा अर्ज आला. तारणाचे कागद अपुरे होते, ते आम्हाला दिसत होते. आम्ही तोंड उघडले तोच ते हसून म्हणाले, "अरे, आता तूसुद्धा मला विचारणार का?" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि सही केली. दोन वर्षांत ते कर्ज थकले. संस्थेत ज्यांचे पैसे अडकले त्यांत एक विधवा शिलाईकाम करणारी भगिनी होती. मुलीच्या निकाहासाठी तिने ते ठेवले होते. ती आमच्या घरी आली आणि एवढेच म्हणाली, "भाईजान, तुमचे नाव समितीत वाचले म्हणून मी तिथे ठेवले होते."

त्या दिवशी आम्हाला समजले की बँकेतला पैसा ही अमानत आहे आणि मैत्रीच्या भिडेपोटी केलेली सही ही खियानत आहे. चोरी करणाराच गुन्हेगार असतो असे नाही. प्रश्न गिळून टाकणाराही वाटेकरी असतो.

'ओळख आहे का?'

आता आपल्या बाजूचा विचार करू. मुस्लिम व्यापाऱ्याला बँकेकडून कर्ज कठीण जाते ही तक्रार खोटी नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका विशिष्ट वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तिथे कर्ज सहजी देत नाहीत. पत्ता पाहूनच फाईल बाजूला पडते. आपल्यातले कित्येक जण व्याजापासून दूर राहण्यासाठी फक्त चालू खाते ठेवतात, त्यांनाही चेकबुक, गॅरंटी, व्यवहाराची मर्यादा यांसाठी बँकेच्या दारात जावेच लागते.

पण यावर आपण शोधलेला उपाय काय? "वर कोणाची ओळख आहे का?" हा. कोणी एखादा दलाल धरतो, कोणी नगरसेवकाची चिठ्ठी आणतो, कोणी 'आपला माणूस' संचालक व्हावा म्हणून निवडणुकीत पैसा ओततो. म्हणजे ज्या वर्तुळाने आपल्याला बाहेर ठेवले त्यातच एक खुर्ची आपल्याला हवी असते. आम्हाला हा मार्ग चुकीचा वाटतो. आपला माणूस आत गेला की तोही आतलाच होतो. आणि ओळखीवर मिळालेले कर्ज ओळखीवरच परत मागितले जाते, निवडणुकीत, वर्गणीत, कोऱ्या जामीनपत्रावर सही करण्यात.

हिवरे बाजारची रीत

ओळख आणि आपुलकी ही मुळातच वाईट आहे काय? तसे आम्ही म्हणत नाही. नगर शहरापासून सोळा-सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. हजार-बाराशे वस्तीचे गाव. तिथे सर्व जण एकमेकांना नावानेच ओळखतात. पद्मश्री मिळालेले पोपटराव पवार यांनाही गाव पोपटरावच म्हणते. एके काळी दुष्काळ, दारू आणि भांडणे यांनी हे गाव उजाड झाले होते. १९८९ च्या सुमारास पवार बिनविरोध सरपंच झाले, आणि पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांच्या जोरावर गाव उभे राहिले हे सर्वांना माहीत आहे. गावात एकच मुस्लिम कुटुंब, त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली, हेही आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

व्यापाऱ्याने त्या गावाकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला ते मोजतात, जमिनीत किती पाणी आहे याचा अंदाज घेतात, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढतात, आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत सर्वांसमोर ठरते. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. हा नियम सरपंचालाही लागू आणि सरपंचाच्या भावबंदालाही. "अरे, तू मला विचारणार का?" असे तिथे कोणी म्हणू शकत नाही, कारण विचारणारा एकटा नसतो, सगळी सभा बसलेली असते आणि आकडा फळ्यावर असतो.

बँकेच्या बाबतीतही या गावाचे एक उदाहरण आहे. दारूचे गुत्ते बंद केल्यावर त्या धंद्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलणी करून गरीब कुटुंबांना, गुत्तेवाल्यांनाही, दुसऱ्या धंद्यासाठी कर्जे मिळवून देण्यात आली. कोणा एकाच्या खाजगी ओळखीची ती बाब नव्हती. सगळे गाव त्यामागे उभे होते आणि कोणाला कशासाठी पैसे मिळाले हे गावाला ठाऊक होते. ओळख ही अशी उघड्यावर वापरली तर ती गरिबाच्या कामी येते. केबिनचे दार लावून वापरली तर बड्याच्याच कामी येते.

बँक म्हणजे गाव नव्हे, तिचे लाखो खातेदार ग्रामसभेत बसू शकत नाहीत, हे खरे. म्हणूनच तिथे लेखी नियम लागतात. संचालकांना कर्ज देण्यावर १९४९ च्या बँकिंग कायद्यातच बंदी आहे. नागरी सहकारी बँकांना संचालक व त्यांच्या नातेवाइकांस कर्ज देण्यास २००३ मध्ये मनाई झाली. खाजगी बँकेच्या प्रमुखाने पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहू नये असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये केला. नियम आहेत. पण नियमाप्रमाणे प्रश्न विचारणारी माणसे हवीत, आणि वरच्या वर्तुळात ती कमी आहेत. ती खालून तयार व्हावी लागतील.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, तोंडी अर्ज करू नका. कर्जाचा अर्ज लेखी द्या आणि तारखेसह पोच घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ते देणे बँकेचे कर्तव्य आहे. "साहेब नाही म्हणाले" हे कारण होत नाही.

दुसरी, लघु व सूक्ष्म उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच दिली आहे. घराचे कागद मागितले तर या सूचनेची आठवण करून द्या. सुतार, लोहार, शिंपी, चांभार, गवंडी अशा अठरा व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिची चौकशी करा. आपला पत अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून त्यातल्या चुका दुरुस्त करून घ्या.

तिसरी, तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही आणि कोणाची ओळखही लागत नाही.

चौथी, ठेव कुठे ठेवतो ते पाहा. बँकेतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, म्हणून हे विशेष सांगतो. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो आणि चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत, एवढ्यावर आयुष्याची कमाई ठेवू नका.

पाचवी, सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेला जा. जेवणाच्या वेळेला जाण्यापेक्षा अहवालाच्या वेळेला जा. थकबाकी किती, मोठी कर्जे किती जणांना दिली, संचालकांच्या संबंधितांना काही दिले काय, हे तीन प्रश्न उभे राहून विचारा. चेअरमन तुमचे दोस्त असले तरी विचारा. दोस्त असतील तर अधिकच विचारा.

आणि ज्या बंधूंना कोणत्याही संस्थेच्या समितीवर बसण्याची संधी मिळाली आहे त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. बैठकीत कोणी घरच्या नावाने हाक मारली तर आनंदाने ओ द्या, चहा घ्या, हसा. पण सही करण्यापूर्वी कागद वाचा आणि शंका आली तर ती इतिवृत्तात लिहून घ्या. त्या एका ओळीमुळे कदाचित मैत्री तुटेल. आम्ही ती ओळ लिहिली नाही, मैत्री टिकवली, आणि त्या भगिनीला आजही नजर देऊ शकत नाही.